आईच्या नावाचा मेल

मला कर्ज द्यायला, माझे केस वाढवायला, माझं पोट उतरवायला आणि माझी मर्दानी ताकद परत आणायला रोज सकाळी जेवढे लोक टपून बसलेले असतात, तेवढे माझ्या लग्नातही आले नव्हते. मी बाईमाणूस आहे, डोक्यावर केस भरपूर आहेत आणि कर्ज मागितलेलं नाही. पण त्यांना माझ्याशी देणंघेणं नाहीच. त्यांना कुणीतरी हवं असतं, आणि माझा पत्ता त्यांच्या हाती लागलेला आहे.

गोंदियाजवळ कुडव्यात आमचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. वायर, होल्डर, पंखे. कंपन्यांची दरपत्रकं यावीत म्हणून कधीतरी हा ईमेल उघडला. दरपत्रकं यायची बंद झाली, बाकीचं सगळं येत राहिलं. सकाळी चहासोबत मी हे पुसत बसते. तांदळातले खडे निवडावेत तसं म्हटलं असतं, पण इथं खड्यांत तांदूळ शोधावा लागतो. नवरा म्हणतो, पाहतेस कशाला? न पाहून कसं चालेल, त्याच घाणीत कधीमधी कामाचंही येतं. 'यापुढे पाठवू नका' असं खाली बारीक अक्षरात असतं, ते दाबून पाहिलं. त्यानंतर दुपटीनं यायला लागले. घरात कुणीतरी आहे एवढं त्यांना त्यातून कळलं असावं. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायलाही समोर माणूस लागतो.

इतके दिवस ही नुसती कटकट होती. शिसारी बसली ती आईच्या वेळी.

आई केशोरीला, गावी माझ्या भावाकडे असते. धानाची शेती आहे, घरात तिचाच शब्द चालतो. तिच्या काखेत गाठ आली. तिनं ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही, ती न्हात असताना वहिनीनं पाहिली. मग तिला माझ्याकडे आणलं आणि गोंदियाला दाखवलं. सुईनं नमुना घेतला, तो नागपूरला जाणार होता, आणि रिपोर्ट ईमेलवर येईल असं खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं. मी माझा पत्ता दिला. आईनं आपलं नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरीला सांगावं तसं.

वाट पाहण्याचे ते दिवस वाईट होते, कारण आमच्या घरात गाठ या शब्दाला इतिहास आहे. बाबांच्या पोटात होती. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना सांगितलं होतं की साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल. आमच्याकडे पेशंटला खरं सांगत नाहीत. सांगितलं तर माणूस हाय खातो, असं सगळेच मानतात. बाबा 'बरं' म्हणाले आणि गोळ्या घेत राहिले. धान कापणीला यायच्या आत गेले.

फोन फ्रिजवर चार्जिंगला असायचा आणि मी पुढं दुकानात. आईला म्हटलं होतं, आवाज झाला की मला हाक मार. ती खुर्ची ओढून फ्रिजजवळच बसायची. आवाज तर दिवसभर व्हायचा. प्रत्येक वेळी मी गिऱ्हाईक सोडून धावत जायची आणि कुणीतरी मला स्वस्तात चपला विकत असायचं. पुढं पुढं तिनं हाक मारणं सोडलं. मला वाटलं, कंटाळली.

मग ती बदलली. ताटात एकच पोळी घेऊ लागली. वहिनीला फोन करून बियाण्याचं धान कोणत्या ढोलीत आहे आणि कोणत्या ढोलीतलं खायचं, हे समजावून सांगू लागली. धान साठवायच्या त्या ढोल्यांना ती कुणाला हात लावू देत नाही. पिशवीतलं नवं लुगडं काढून म्हणाली, हे तुह्या वहिनीले दे. मी मनाशी म्हटलं, घरची आठवण येते म्हणून असेल.

रिपोर्ट आला तो एका दुपारी. इंग्रजीत, दोन पानं. मी तो डॉक्टरांना पाठवला, त्यांनी लगेच फोन केला. कॅन्सर नाही. चरबीची गाठ आहे, राहू द्या. मी दुकानातच रडले. मग आत जाऊन आईला मिठी मारली आणि म्हटलं, काही नाही आई, साधी गाठ आहे.

तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली. भांडी घासून झाल्यावर, पदराला हात पुसत तिनं विचारलं, "शेवटचा टप्पा म्हंजे किती दिवस रायते?"

मला आधी समजलंच नाही. मग तिनं फोन मागितला आणि खाली खाली सरकवत नेमकं काढून दाखवलं. आठवड्यापूर्वीचा मेल, तिनं आधीच उघडलेला, म्हणून सकाळच्या निवडण्यात माझ्या नजरेतून सुटलेला. वर तिचं नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. खाली मराठीत लिहिलेलं: तुमचे गाठ शेवटच्या टप्पामध्ये असले तरी घाबरू नका, जडीबुटीने मुळापासून उपचार, वेळ घालवू नका, आजच फोन करा.

रिपोर्टच्या आधी जाहिरात पोचली होती. तिचं नाव कुणी विकलं, खिडकीवरून गेलं की वाटेत कुठं, देव जाणे. पण एका म्हातारीच्या काखेतली गाठ कुणाच्या तरी हातात माल म्हणून पडली होती, आणि त्यानं ती फिरवली होती. माझ्या पुरुषीपणाच्या गोळ्या विकणारे त्या मानानं सज्जन वाटले.

मी आईला सांगितलं, अगं ही जाहिरात आहे, भाषा पाहा कशी मोडकीतोडकी आहे. पण ती चौथी शिकलेली, आणि कागदावरची मराठी तिला नेहमी अशीच भेटत आली आहे. शेतीच्या कचेरीतून येणारा कागद काही वेगळा नसतो. तिनं मला उलट विचारलं, मग तुझ्या त्या इंग्रजी कागदात माझं नाव मराठीत काऊन नाही? मी रिपोर्ट वाचून दाखवला, अर्थ सांगितला. ती ऐकत होती, मी लहानपणी पाढे म्हणायची तेव्हा ऐकायची तसं. मध्ये एकदा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. समजूत ती माझीच घालत होती.

शेवटी तिला स्कूटीवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. म्हटलं, त्यांच्या तोंडून ऐकेल. डॉक्टर हसून म्हणाले, "माताजी, कुछ नहीं है, आराम से खाओ-पिओ." आईनं हात जोडले. बाहेर येऊन ती स्कूटीजवळ थांबली.

"तुह्या बाबालेबी डाक्टरनंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "मीच आधी आत जाऊन हातपाय जोडले होते त्याचे, की असंच सांगा म्हनून. तुनंबी तेच केलं असन. तुहा राग नाही बाई मले. तुह्या बाबाले सारं समजत होतं, आपल्याले बरं वाटावं म्हनून तो 'बरं' म्हने. मलेबी तसंच म्हनू दे."

खरं सांगायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे शब्द तेच उरले होते, बाबांना सांगून वापरलेले. मी स्कूटी सुरू केली. ती मागं बसली आणि माझा खांदा धरला.

त्यानंतर आता दुसरं पीक निघालं. गाठ आहे तेवढीच आहे, आई माझ्यापेक्षा जास्त काम करते. तिच्या नावाचे मेल अजून येतात, आता गुडघ्यांसाठी आणि मधुमेहासाठीही. पाठवणारा बंद केला की तोच दुसऱ्या नावानं उगवतो. परवा ती बसनं नवा तांदूळ घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली, तांदळात हात घातला आणि म्हणाली, हा माह्या हातचा शेवटचा. मागच्या वर्षीही हेच म्हणाली होती. मी हसून काही बोलणार, तेवढ्यात फ्रिजवर फोन वाजला. कुणीतरी मला कर्ज द्यायला निघालं होतं. मी फोन पाहून ठेवून दिला, आणि वळले तर आई तांदळात हात तसाच ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत होती.