पांढऱ्या लुगड्याची सावली

माझे सासरे यादोराव, आमचे मामाजी, म्हणजे पाण्याचे मास्तर. हे मी नाही, सारं गाव म्हणे. धानाच्या बांधीत पाणी किती ठेवाचं, पाळ कुठं फोडाची, हे विचाराले पार आंधळगावहून माणसं येत. मामाजी बांधीत पाय घालत अन् सांगत. स्वतःच्या बांधीचं वावर एवढंसं, पण तोरा असा का सारा तलाव यायच्याच बापानं खोदला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली मी लग्न होऊन या घरात आली, तवापासून हेच ऐकून राहिली.

त्या तोऱ्याले पुरून उरे ती एक आत्याबाई, माझी सासू मालनबाई. "धान समजते तुमाले, माणूस नाही समजत," असं तोंडावर म्हणे. विहाराचं अंगण तीच झाडे. वंदनेले बसलं का खालून मुरूम टोचे, लुगड्याले माती लागे. विहाराच्या बैठकीत तिनंच उभं राहून म्हणलं होतं, "नवी मूर्ती येऊन राहिली तं तिच्यासमोर गवत लावा ना! धुळीत कायले बसाचं आमी?" माणसं हसली, पण बाया उठल्या तिच्या बाजूनं, अन् ठरलं.

ठरलं अन् तिले लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं अर्धं गेलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणलं. डॉक्टर असं म्हणते तवा काय समजाचं, ते आमाले समजलं. बाजेवर पडल्या पडल्या ती एकच मागणं मागे. मामाजींचा हात धरे अन् म्हणे, "मले... एकडाव... गवतावर बसव."

"पौर्णिमेले बसवतो. म्हणलं ना मी!" मामाजी म्हणत, अन् तोंड फिरवून घेत.

बुद्धपौर्णिमा वैशाखात, अन् आमच्याकडचा वैशाख म्हणजे पेटती चूल. पण मूर्ती पौर्णिमेलेच बसाची होती, म्हणून गवतही त्याच्या आधी, भर तपनीतच आलं. टेम्पोतून आलं, चटईसारखं गुंडाळलेलं. लावणाऱ्या माणसानं बजावलं, सकाळ-संध्याकाळ शिंपडा, पाणी साचू देऊ नका, मुळं धरेपर्यंत वर पाय ठेवू नका. विहार कमिटीचे जीवनभाऊ म्हणाले, "यादोरावजी, पाण्याचं तुमीच पाहा."

झालं! मामाजींची छाती फुगली. "गवत म्हणजे धानाचंच भावंड. हा कुंड्या विकणारा मले शिकवते!"

सुरुवातीले बरं चाललं. मग तपन अशी वाढली का कुत्रं नालीतून उठेना. गवताचे शेंडे मुरडले अन् मामाजी घाबरले. घाबरलेला माणूस काय करते? जन्मभर केलं तेच करते. त्यायनं गवताच्या चारी बाजूनं मातीची पाळ घातली, पायानं तुडवून पक्की केली अन् बोअरचं पाणी सोडलं. धानाची बांधी भरावी तसं अंगण भरलं. "आता पाहा," म्हणे, "कसं हिरवंगार होते."

दुपारी मी तिकून जाऊन राहिली होती. सहज त्या पाण्यात हात घातला अन् ओरडलीच. पाणी चहाले ठेवल्यासारखं तापलं होतं.

"मामाजी! अवो, गवत उकडून राहिलं तुमचं! भाजी शिजवता का?"

ते धावत आले. पाय घातला, चटका बसला, मागं घेतला. मग फावडं घेऊन वेड्यासारखी पाळ फोडाले लागले. पाणी वाहून गेलं, पण जे व्हाचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी कुजका वास सुटला. गवत पिवळं पडलं, मग मातीच्या रंगाचं झालं, तुकड्यांच्या कडा उचलल्या अन् मधात बोट जाईन अशा भेगा पडल्या.

"धान आभाळाखाली उभं राहते, वरून पाऊस असते," मी म्हणलं. "या तपनीत उभं पाणी कोणाले सोसन?" लय बोलली मी. ते उचललेल्या कडा हातानं दाबत राहिले. भांडले असते तं बरं वाटलं असतं.

जीवनभाऊ येऊन पाहून गेले. "उखडून टाकू हे सारं, सतरंज्या घालू," म्हणाले. तवा मामाजींनी हात जोडले. या माणसाले कोणापुढं हात जोडताना मी पाहिलं नव्हतं.

"तो कोपरा तेवढा राहू द्या जी. तिले बसवाचं हाय."

मूर्ती बसाची होती त्या ओट्यासमोर उजव्या कोपऱ्यात जरासा उंचवटा होता. पाणी तिथं चढलं नव्हतं, म्हणून तेवढं गवत जिवंत होतं. पण वर सावली पाहिजे होती. हिरवी जाळी पाहाले मामाजी मोहाडीले गेले अन् हात हलवत परत आले. घरात शिरले ते सरळ आत्याबाईची पेटी उघडून तिचं पांढरं लुगडं काढलं. पौर्णिमेले आमच्या बाया पांढरं नेसतेत. तिनं आजारी पडाच्या आधीच ते धुऊन, घडी घालून ठेवलं होतं.

मी लुगड्याचं टोक धरलं. "वेड लागलं का तुमाले? ती काय नेसन मग? एवढंच पांढरं हाय तिचं!"

"रत्नमाला, गवतच नाही राहिलं तं नेसून बसन कुठं?"

बाजेवरून आवाज आला. "दे... त्याले."

मी टोक सोडलं.

चार बांबू रोवून त्यायनं लुगडं ताणलं. खाली सकाळ-संध्याकाळ ओंजळीनं पाणी शिंपडत, धानाच्या कोवळ्या रोपांवर शिंपडावं तसं. दुपारभर बाजूले बसून राहत, गरम वारा गाठ सोडे अन् ते पुन्हा बांधत. मी भाकर नेली तं तशीच परत येई. घरी आले का आत्याबाई डोळे उघडून विचारे, "हाय?" अन् मामाजी म्हणत, "हाय वो, हिरवं हाय." बापा, त्या दोघायचं दुसरं बोलणंच उरलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी मी पेज घेऊन बाजेजवळ गेली. आत्याबाईचे डोळे दाराकडं होते अन् श्वास नव्हता. माझ्या हातातली वाटी पडली. तेवढ्यात मामाजी पाणी शिंपडून आले. दारातूनच, चपला काढता काढता म्हणाले, "हाय वो, हिरवं हाय."

त्यायले कसं सांगाचं होतं मी?

बाया जमल्या. शेजारच्या कौशल्याबाईनं आत्याबाईले नेसवाले पांढरं लुगडं मागितलं. मी माझं काढून देऊन राहिली होती. मामाजींनी अडवलं. "नाही. तिले तिचंच." स्वतः गेले, एकेक गाठ सोडली, लुगडं झटकून आणलं. तिकडं गवत उघडं पडलं.

तिरडी विहारासमोर आणली. "त्या कोपऱ्यात ठेवा," मामाजी म्हणाले.

"यादोरावजी, गवत दबन ना," जीवनभाऊ हळूच म्हणाले.

"दबू दे. कायले जगवलं मग मी?"

तिरडी गवतावर ठेवली. त्रिशरण, पंचशील झालं. मामाजी बाजूच्या मातीत बसले. "बसवलं वो तुले," म्हणाले, अन् मोठ्यानं रडले. मलेही आवरलं नाही.

स्मशानातून आले ते आत्याबाईच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. पाणी घेईना. मले वाटलं, आता हाही माणूस जाते. माझ्या नवऱ्यानं, संघपालनं, दोनदा हाक मारली तं डोळ्यावर हात घेतला. माझ्या मनात राहून राहून तो उघडा कोपरा येई. उठली, माझं पांढरं लुगडं घेतलं अन् त्या बांबूले बांधून आली. गाठी मामाजींसारख्या जमल्या नाही.

पौर्णिमेच्या वंदनेले सगळ्या बाया पांढऱ्यात अन् मी एकटी लाल लुगड्यात. बाजूले बसलेली शकुंतलाबाई कुजबुजली, "काहून वो, आजच्या दिवशी रंगीत? पांढरं नाही का तुले?"

"हाय," मी म्हणलं. "कामाले लागलं हाय."

तिनं कोपऱ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. मामाजी केव्हा येऊन बसले होते कोणास ठाऊक. लुगड्याखाली वाकून ओंजळीनं पाणी शिंपडून राहिले होते, अन् हळूच कोणाले तरी सांगून राहिले होते, "हाय वो, हिरवं हाय."