गणिताच्या बाईंचं लग्न

टेकडीवरच्या आमच्या मुलींच्या ग्रामर स्कूलला पन्नास वर्षं झाली म्हणून यंदा एक जाडजूड पुस्तक निघालं. कोऑपरेटिव्ह दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत शाळा कशी सुरू झाली, दगडी इमारत कधी उभी राहिली, प्रयोगशाळा कोणाच्या देणगीतून आली, सगळं आहे. आयव्ही थॅक्रेला मात्र एकच ओळ: ‘गणित शिकवीत, १९३७ साली शाळा सोडली.’ सोडली! पुस्तक मी टेबलावर आपटलं. तिनं शाळा सोडली नाही, तिला काढलं. का काढलं, ते रेव्हन्सबेकच्या प्रत्येक विणकरणीला ठाऊक आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांना नसेल, तर मी सांगते.

त्या शाळेवर माझा राग आहे, हेही आधीच सांगून टाकते. दहा-अकरा वर्षांच्या पोरींना एका सकाळी परीक्षेला बसवायचं, चाळणीत वर राहिलेल्या मोजक्यांनी निळी टोपी घालून टेकडी चढायची आणि बाकीच्यांनी गिरणीत जायचं, हे मला कधीच पटलं नाही. आमच्या काळात तर चारातली एकच जागा फुकट. उरलेल्या, ज्यांच्या बापाला फी परवडेल त्यांच्या. मी बाराव्या वर्षी मागावर उभी राहिले.

पण आयव्ही आमच्यातलीच. बाप दारोदार कोळसा टाकणारा. फुकट जागेवर शिकली, कॉलेजात गेली आणि परत येऊन त्याच शाळेत गणित शिकवू लागली. वर गेली तरी खालच्या पोरींना विसरली नाही. परीक्षेआधी शनिवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या पोरींना मार्था सग्डनच्या स्वयंपाकघरात बसवायची आणि आल्याचा केक कापून अपूर्णांक शिकवायची. चुकलेल्या तुकड्यांवर मार्था टपून असायची.

मार्था माझी शेजारीण. जगासाठी आयव्ही तिची भाडेकरू होती. खरं म्हणजे सून. मार्थाचा मुलगा क्लेम गिरणीत सूत रंगवायच्या खात्यात होता, कोपरापर्यंत निळा. दोघांनी लांबच्या गावी जाऊन लग्न केलं आणि ते झाकून ठेवलं, कारण नियम असा की शिक्षिकेनं लग्न केलं की तिची नोकरी गेली. मास्तरांना असला नियम नाही. मास्तरला बायको असली की तो भरवशाचा माणूस!

गल्लीत सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांची तोंडं बंद. मार्था दारात उभी राहून ओरडायची, “मिस थॅक्रे, पाय पुसून या हं, पायऱ्या आत्ताच घासल्यात!” आणि दार लागलं की, “दमलीस का गं? बस, चहा टाकलाय.” क्लेम रस्त्यात टोपीला हात लावून “नमस्कार, बाई” म्हणायचा. सवय इतकी हाडात गेली की एकदा जेवताना आयव्ही खोलीत आली तर हा उभा राहून टोपी शोधू लागला.

“बसू दे का त्याला?” आयव्हीनं हसत विचारलं.

“राहू दे उभा,” मार्था म्हणाली. “जन्मात एक तरी बरं वळण लागलंय.”

मग शाळेनं वसतिगृह काढायचं ठरवलं. दूरच्या माळरानावरच्या शेतकऱ्यांच्या पोरी परीक्षा पास व्हायच्या, पण रोज ये-जा कशी करणार? त्यांच्यासाठी मोठं घर घेतलं, आणि तिथं राहून देखरेख करायला शाळेच्या व्यवस्थापक मंडळानं आयव्हीला निवडलं. बढतीच होती ती.

“घे गं,” क्लेम म्हणाला. “मी तिथं माळी होऊन येतो.”

“तुझ्या हातचा कोबीसुद्धा निळा निघेल,” मार्था म्हणाली. “आयव्ही, नाही म्हण. सांग, घरमालकीण म्हातारी आहे, टाकून येता येत नाही.”

“तेच सांगते,” आयव्ही म्हणाली.

मंडळावर विणकरांच्या संघटनेतर्फे एक जागा होती, तिच्यावर मी होते. म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. अध्यक्ष हॉलरॉइड, गिरणीचा मालक. आयव्ही आत आली तसा तो प्रेमानं म्हणाला, “तुम्हालाच का निवडलं सांगू, मिस थॅक्रे? तुमच्यामागे कोणी नाही. घर नाही, माणूस नाही. शाळा हेच तुमचं सगळं.”

आयव्हीची मान लाल झाली. आता घरमालकिणीचं सांगेल म्हणून मी वाट बघत होते.

“मला माणूस आहे,” ती म्हणाली. “नवरा आहे. आठ वर्षं झाली.”

मुख्याध्यापिका मिस पॅलिस्टर टेबलाकडे बघत राहिल्या. त्यांना आधीपासून माहीत होतं, हे मी पैजेवर सांगते. हॉलरॉइड मात्र मुरलेला. एवढी चांगली गणिताची बाई त्याला घालवायची नव्हती. त्यानं कप उचलला.

“चहा निवतोय, मंडळी. बाईंना वसतिगृह जमणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. बाकी आम्ही काही ऐकलं नाही. खरं ना?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा, आणि त्याची मला लाज नाही. पोरींना ती हवी होती. गप्प राहा बाई, असं मी डोळ्यांनी ओरडत होते.

“ऐकलं नाहीत?” आयव्ही म्हणाली. “मग पुन्हा सांगते.” आणि बाहेरच्या कारकुनालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, “मी मिसेस सग्डन. माझा नवरा तुमच्याच गिरणीत सूत रंगवतो, मिस्टर हॉलरॉइड. या आठ वर्षांत माझ्या वर्गात काय बिघडलं, तेवढं सांगा.”

बिघडलं काहीच नव्हतं. पण कारकुनापर्यंत गेलेली गोष्ट न ऐकल्यासारखी करता येत नाही. मत घेतलं. तिच्या बाजूनं माझा एकटीचा हात. सुट्टी लागली आणि तिची शाळा संपली.

बाहेर येताच मी तिच्यावर तुटून पडले. “गप्प बसली असतीस तर तुझं काय जात होतं?”

“माणूस नाही म्हणाला तो, हेटी. आठ वर्षं मी स्वतःच तसं भासवत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला क्लेम दिसला, टोपी शोधणारा.”

पुढं ती संध्याकाळी विणकरांच्या सभागृहात शिकवू लागली, चाळणीतून खाली पडलेल्या पोरींना. मागच्या दारानं निळ्या टोप्याही यायच्या, कारण वरच्या नव्या बाईंचं गणित त्यांच्या डोक्यावरून जाई.

महायुद्धाच्या शेवटी शेवटी कायदा बदलला, लग्न झालेलीला काढता येईना. एका दुपारी मिस पॅलिस्टर स्वतः टेकडी उतरून मार्थाच्या स्वयंपाकघरात आल्या. मी तिथंच होते.

“मिसेस सग्डन, याल का?”

“नाही म्हण!” मी म्हणाले. “एवढी वर्षं आठवण नव्हती यांना. आता गरज पडली तेव्हा आल्या. आधी त्या मंडळाला माफी मागू दे!”

माझं खोटं नव्हतं.

“चौथ्या वर्षाच्या पोरींची भूमिती कुठवर आलीय?” आयव्हीनं विचारलं.

“फारशी नाही,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

“आयव्ही, काही मान आहे की नाही तुला?” मी टेबलावर मूठ आपटली.

“मानासाठी तू भांड गं हेटी. तू चांगली भांडतेस,” ती म्हणाली. “मला वर्ग हवाय.” मग मिस पॅलिस्टरकडे वळून तिनं विचारलं, “खडू धड मिळतात का, की अजून ते लढाईतले, हातात चुरा होणारे?” आणि उत्तराची वाट न बघता कोट शोधायला उठली.