डेअरीतला फोन आणि माझं दोन तासांचं मरण

आमच्या गावात फोन म्हणजे मरण. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, जसं होतं तसं लिहिते. लग्नाची पत्रिका यायची, बाळंतपणाचं पत्र यायचं, नोकरी लागलेला माणूस स्वतः पेढे घेऊन यायचा. ज्याला घाई होती असं एकच काम उरायचं, ते फोनवर यायचं.

बारामतीहून इंदापूरला जाताना लागणाऱ्या आमच्या गावात तेव्हा एकच फोन होता. दूध डेअरीत, लाकडी पेटीत, कुलूप लावून. किल्ली डेअरीच्या तात्यांच्या कडदोऱ्याला. फोन आला की तात्या शेजारच्या मारुतीच्या देवळात जायचे आणि भोंग्यावर पुकारायचे. तो पुकारा झाला की सगळं गाव हातातलं काम टाकून उभं राहायचं. बायका तवा खाली उतरवायच्या. माणसं खांद्यावर टॉवेल टाकून निघायची, कुणाचं मैत आहे हे चालता चालता विचारायची. मी यावर पत्रक काढलं होतं. शहरातली माणसं आज भाजी काय केली हे विचारायला फोन करतात, आणि आम्ही फक्त प्रेतं उचलायला! इंदापूरच्या बाजारात मी ती पत्रकं वाटली. बहुतेकांनी त्यात भजी बांधून नेली.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी बावीस-तेवीसची. मुलींच्या शिक्षणासाठी आमच्या मोहिमेचा एक जत्था आगगाडीनं देशभर निघाला, त्यात मीही होते. निघायच्या आदल्या दिवशी वडील, म्हणजे आमचे आबा, गोठ्यात धार काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजा आजा मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा. सा-सा महिनं. पर दर बाजाराला कुणी ना कुणी निरोप आणायचा, कळप अमक्या घाटात हाय, तमक्या नदीवर हाय. तुजा निरोप कोण आणणार?"

"पत्र टाकीन की."

"आन आमी कुठं टाकायचं?"

मुक्कामांची यादी मी त्यांना दिली. त्यांनी घडी घालून टोपीत ठेवली. धाकटी बहीण गोठ्याच्या दारात उभी होती. बारावीला होती ती. तिच्या देखत मी आबांकडून कबूल करून घेतलं: मला विचारल्याशिवाय धाकटीचं काही ठरवायचं नाही.

"न्हाय ठरवत," आबा म्हणाले. "तुला इचारल्याबिगर न्हाय."

दौंडहून गाडीत बसले ते दिवस आता आठवते तेव्हा एकमेकांत मिसळून जातात. खिडकीला डोकं टेकून झोपायचं आणि उठावं तर माती वेगळ्या रंगाची. मनमाड गेलं, इटारसी गेलं. आमच्याकडच्या उसाच्या हिरव्या भिंती संपल्या आणि सपाट, पिवळी, फुललेली मोहरी सुरू झाली, ती दोन दिवस संपेना. कुठं नदी यायची आणि पूल इतका लांब की मी एका टोकाला डोळे मिटावे नि उघडावे तरी खाली पाणीच. माणसं चढायची, उतरायची, त्यांची भाषा दर जिल्ह्याला थोडी थोडी विरघळत जायची. मला वाटायचं, हा देश कुणी चालवत नाही, तो आपसूक झोपेत कूस बदलतो आणि आम्ही त्याच्या अंगावरून मुंग्यांसारखे निघालोय. पत्रकात असलं वाक्य मी कधीच लिहिलं नसतं. पण तेव्हा खरंच तसं वाटायचं, आणि त्यात सुख होतं. कुणालाच माहीत नव्हतं मी त्या क्षणी कुठं आहे. मलाही नव्हतं.

त्या सुखाची लाज वाटली ती पाटण्यात. मुक्कामाच्या ठिकाणी धाकटीचं पत्र येऊन पडलं होतं. "रविवारी दुपारी इंदापूरकडचे पाहुणे सुपारी फोडायला येणार. परीक्षेच्या आधीच लग्न उरकायचं म्हणतायत, मुलीनं पेपर द्यावा हे त्यांना पसंत नाही. आबा म्हणतात, थोरलीला विचारायचं म्हटलं तरी एवढ्या मुलखात तिला धुंडायचं कुठं? म्हणजे त्यांनी शब्द मोडलाही नाही. तू फोन कर. तू बोललीस तर थांबतील."

संतापानं माझे कान तापले. टोपीत यादी ठेवलीय आणि म्हणे धुंडायचं कुठं! पण पत्र मिळालं तो शनिवार होता, आणि आमची गाडी तासाभरात सुटणार होती. पुढच्या जंक्शनवरून फोन करू म्हटलं. मग धुकं आलं.

जानेवारीतलं तिकडचं धुकं मी आधी पाहिलं नव्हतं. गाडी रात्रभर रुळावर उभी. सकाळी खिडकीबाहेर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून एखादी म्हैस यायची, आमच्या डब्याकडे बघायची आणि परत पांढऱ्यात जायची. जंक्शनला पोचलो तेव्हा रविवारची दुपार झाली होती.

स्टेशनबाहेर मिठाईच्या दुकानाला चिकटून एसटीडी बूथ होता. बूथवाला म्हातारा, कानटोपीतला. नंबर लागेना म्हणून तोच पुनःपुन्हा फिरवत होता. शेवटी लागला. त्यानं आधी स्वतःच ओरडून खात्री केली, "हॅलो, महाराष्ट्र? बिहार से बात कीजिए!" आणि रिसिव्हर माझ्या हातात दिला.

"तात्या, मी बोलतीय!"

"हॅलो? हॅलो? कोण हाय?"

तात्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ. पण माझा त्यांना पोचत नव्हता. मी ओरडले, किंचाळले. मिठाईच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. तिकडे तात्या कुणाला तरी म्हणत होते, "बिहारातनं हाय. बाप्या मानूस बोलला, हिंदीत. आता निस्ती खरखर."

"बिहारात आपली आबाची थोरली न्हाय का गेल्ती?"

"व्हय की."

"मग ती सोता का बोलंना?"

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

आणि मग मला आमचं गाव ऐकू यायला लागलं. कॅनची झाकणं. रस्त्यावरून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाडीचे घुंगरू. कुणाची तरी पिठाची गिरणी, एका लयीत, झोप यावी तशी. बाहेर बिहारचं धुकं काचेला टेकलेलं आणि कानात ते सगळं ऊन. क्षणभर, खोटं का बोलू, मी ओरडायची थांबले आणि नुसती ऐकत राहिले. तेवढ्यात भोंगा वाजला. "आबांच्या घरच्यांनी ताबडतोब डेअरीत यावं. बिहारातनं फोन हाय. ताबडतोब यावं हो." माझ्या मरणाचा पुकारा मी स्वतः ऐकला. गिरणी बंद पडली.

आईच्या बांगड्या रिसिव्हरवर आपटल्या. तिचा श्वास. "कोन हाय? बोला की वो दादा. काय झालं माज्या लेकीला?"

"आई, मीच हाय! आई!"

"बोलत का न्हाई वो कुनी?"

त्यानंतर ती जे ओरडली ते मी लिहिणार नाही. लाइन कटली.

बूथवाल्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. अर्धा तास तो नंबर फिरवत होता. कुठल्याशा मोठ्या शहरातली बाई दरवेळी गोड आवाजात सांगायची, इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. आम्हाला एकमेकांपर्यंत पोचू न देण्याचा आवाज एवढा गोड कशाला ठेवलाय, कोण जाणे!

मग लागला. पहिल्याच घंटेला उचलला.

"मेलीस का काय गं?" धाकटी.

मी हसले की रडले, आठवत नाही. या खेपेला तिला ऐकू येत होतं. ती डेअरीतच बसून राहिली होती. तिला एकटीलाच ठाऊक होतं की मी कशासाठी फोन करणार आहे. आईला बायकांनी धरून घरी नेलं होतं, तात्याही घाईघाईत पेटी उघडीच टाकून मागोमाग गेले होते.

"आबांना बोलव," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आई कशीय?"

"ऐक आधी. पाव्हणं आलेत. ताट मांडलं होतं, सुपारी फोडायची तेवढी राह्यली होती. भोंगा वाजला आन सगळं थांबलं. आता निघायच्या बेतात हायेत. सुतकाच्या घरात सुपारी कशी फोडायची?" मग आवाज उतरवून म्हणाली, "ताई, तू मेलेलीच ऱ्हा. दोन तास."

"येडी झालीस का?"

"दोनच तास. त्यांची जीप फाट्याला लागंस्तवर."

आमच्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर छापलेलं असायचं, लोकांना खरं सांगा. ते मी तिला फोनवर ऐकवलं. एवढी मूर्ख मी होते.

"तुज्या खऱ्यानं मला नवरा मिळंल," ती म्हणाली. "परीक्षा न्हाय."

"आबांशी बोलते ना मी. त्यांनी शब्द दिलाय."

"गावासमोर, पाव्हण्यांसमोर आबा तुजं ऐकतील? तू जित्ती हाय म्हटल्यावर आधी पेढं वाटतील, आन त्याच पेढ्यावर सुपारी फोडतील. शुभ दिवस म्हणून!"

हे खरं होतं. आबांना मी ओळखत होते.

"आणि आई?"

"आईच्या कानात सांगते."

"आधी तिला सांग. धावत जा. मग माझं काय करायचं ते करा."

रिसिव्हर ठेवला. सत्यासाठी गावोगाव बोंबलत फिरणारी मी, दोन तास मेले.

स्टेशनच्या बाकावर बसले. धुकं विरळ झालं नव्हतं. गाड्या यायच्या त्या आधी आवाजानं यायच्या, मग दिव्यानं, मग डबे. आमच्या जत्थ्यातल्या पोरी चहा घेत होत्या, गाणी म्हणत होत्या, मी त्यांना काही सांगितलं नाही. मला हलकं वाटत होतं. माझी पेटी, माझी सायकल, माझी चहाची कपबशी यांच्याकडे आता गावात सगळे कसे बघत असतील हे मी बघत होते. कुणी तरी म्हणत असेल, शिकलेली होती हो. कुणी म्हणत असेल, कशाला धाडावं एवढ्या लांब. मेल्यावर माणूस असाच बाकावर बसत असेल का, गाडी कुठली ते न कळता? मग आईचा तो आवाज आठवायचा आणि मी उठून बूथपर्यंत जायची, परत यायची. धाकटी पोचली असेल का? कानात सांगण्याइतकं जवळ तिला बायकांनी जाऊ दिलं असेल का?

दोन तासांनी फोन लावला. आईनं उचलला; पाहुणे जाताच धाकटी तिला डेअरीत घेऊन आली होती.

"गेले," ती म्हणाली. घसा बसलेला. "फाट्याच्या पुढं गेले."

"तुला सांगितलं होतं ना धाकटीनं?"

"लगीच सांगितलं. माजं रडं थांबलं तर पाव्हणं उठंनात मग. म्हटलं, रडाया पायजे अजून. खोटं खोटं रडाया बसले आन खरंच रडू आलं गं. थांबंना. तू हायेस हे ठावं असून थांबंना." तिनं नाक ओढलं. "आता सांगते सगळ्यांना, हाय म्हणून. तू जेव कायतरी."

गावानं ती बातमी सहज स्वीकारली. मेल्याची खोटी खबर उठली की आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. बायकांनी आईच्या पदरात साखर घातली. पाहुण्यांकडून मात्र आठ दिवसांत निरोप आला, सुपारीच्या ताटावर मढ्याची खबर आली, ही सोयरीक नको. मढं कुणाचं नव्हतंच, हे कळूनसुद्धा! पोरीचा पायगुण वाईट म्हणाले. मी परत आल्यावर हे ऐकून तणतणले, पत्रक काढते म्हणाले. धाकटी भूगोलाच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "काढू नको. बराय माजा पायगुण."

पहिल्या पेपरला आबांनी तिला बारामतीच्या एसटीत बसवलं. मीही फाट्यावर आले होते. गाडीला वेळ होता. आबा खिडकीजवळ उभे, मी त्यांच्या बाजूला. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

"त्या दिशी," ते एकदम म्हणाले, "तू हायेस हे धाकटीला पाव्हणं जायच्या आधी कळलं हुतं?"

ती आत बसून ऐकत होती. खिडकीच्या गजावर तिची बोटं होती. मला खोटं बोलता आलं असतं.

"व्हय, आबा."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. कंडक्टरनं घंटी मारली.

"मग पास तरी हो बाई," ते खिडकीकडे बघून म्हणाले. "एवढं थोरलीला मारून बसलीयास."

एसटी धूळ उडवत गेली. आम्ही दोघं चालत घरी निघालो. आईला कधी कळलं ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.