बीज न टाकलेल्या बाटल्या

आदिलाबादहून बी.एस्सी. होऊन आले तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणीच गेलेलं नव्हतं. मला त्याचा ताठा होता. थोडा अजून आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका वसाहतीच्या सांडपाणी प्लांटात केमिस्ट म्हणून लागले. तिथलं शुद्ध केलेलं पाणी ज्या नाल्यात सुटायचं, तो खाली आमच्या गावाजवळून जायचा.

त्या पाण्यानं बाटल्या भरून पाच दिवस अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवायच्या. उरलेली घाण जंतू खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. ऑक्सिजन जितका घटला, तितकी घाण जास्त. पण पाणी सोडण्याआधी त्यात क्लोरीन पडे आणि जंतू मरत. म्हणून आमचे म्हातारे अटेंडंट आधी क्लोरीन घालवत, मग बाटलीत थोडंसं गटाराचं पाणी टाकत. त्याला ते बीज म्हणत.

पहिल्याच आठवड्यात मी अडवलं. "चांगल्या पाण्यात घाण काऊन टाकता?"

"मॅडम, खानेवालाच नहीं तो खाना कैसा घटता?"

"कॉलेजात कोण गेलं, तुमी का मी?"

"आपीच गये, अम्मा," म्हणत त्यांनी बीजाची बरणी मोरीत ओतली.

बाटल्यांतला ऑक्सिजन घटेना, आकडे सुरेख येऊ लागले. मी ऐटीत सही करायची.

उन्हाळ्यात नाला आटला की डोहातले मासे सगळं गाव मिळून एकाच दिवशी धरायचं. त्या वर्षी पाण्याला वास येऊ लागला. लोक म्हणाले, आताच धरू. बाबा म्हणाले, "माह्या पोरीनं मोजलं हाय. पाणी चांगलं हाय, थांबा."

गाव थांबलं. आठवड्याभरात मासे पोट वर करून तरंगले.

रविवारी घरी गेले तर पारावरून एक जण बाबांना ओरडला, "काकाजी, पोरीले मासेबी मोजाले सांगा!"

"तिले काऊन बोलता? थांबवलं तं मी," बाबा म्हणाले.

परत येऊन मी स्वतः बीज टाकून बाटल्या लावल्या. पाचव्या दिवशी ऑक्सिजन जवळजवळ संपलेला. अटेंडंटनी बीजाची बरणी पुन्हा फळीवर ठेवली.

चूक माझी होती, हे मी बाबांना सांगितलं.

"गावात सांगू नको," म्हणाले. "लोकाइले हसू दे माह्यावर. मले सवय हाय."

मी ऐकलं. बाबा गेले, तेव्हाही गावाला ठाऊक नव्हतं.