कडक शॉकअप आणि सरूचं माहेरपण

आमची लेक सरू पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं ठरलं आणि तिच्या सासऱ्यांचा निरोप आला, की तुमच्या त्या लॉरीत पोर बसवणार नाही. मागच्या खेपेला तिच्या धक्क्यांनी आमचीच कंबर धरली होती. बैलगाडीची वाट तर कित्येक मुक्कामांची. पहिलं बाळंतपण माहेराबाहेर होणार, या विचारानं घरात कुणाला घास गोड लागेना.

धाकटा भाऊ गणपत म्हणाला, "दादा, परभणीत नवे शॉकअप बसवू, आन् तसंच पुढं जाऊन पोरीला घिऊन येऊ." लॉरी त्याचीच. जुन्या मोटारीचा मागचा भाग कापून त्यावर लाकडी हौदा ठोकलेला. शॉकअप म्हणजे चाकांपाशी धक्के झेलणारे तेलाचे डबे. आमच्यातलं तेल कधीच गळून गेलं होतं.

देवापुढे नारळ ठेवून येलदरीकडच्या आमच्या गावाहून निघालो. पौषातली थंडी, दोन्ही अंगांना हुरड्यात आलेली ज्वारी. जिंतूरपर्यंत काळ्या मातीची वाट आहे. पावसाळ्यात तिकडे मोटार घालू नये, बैलांनी ओढून काढावी लागते. पुढे मुरमाचा सरकारी रस्ता लागतो. बोरीला झाडाखाली भाकरी सोडली. ठेच्यासोबत शेतकऱ्यानं बोलावून हुरडा दिला, आम्ही पैसे विचारले म्हणून रागावला. पेट्रोल मात्र परभणीतच भरून घ्यावं.

परभणीत स्टेशनाजवळच्या मिस्त्रीकडे दोन जोड होते. एक मऊ, माणसांच्या मोटारीचा. दुसरा जाड, माल वाहणाऱ्या लॉरीचा. किंमत जवळपास सारखीच, आणि निजामाचे हाली रुपये चालतात. आम्ही दोघांनी ते बाजारातल्या बैलांसारखे पारखले. पाठीवर हात दाबायचा. वाकला तो नको. मऊ जोड गणपतच्या हाताखाली लगेच दबला. जाड जोड दोघांनी रेटला तरी जेमतेम हलला. गाडी रिकामी जास्त चालते की भरलेली, असं मिस्त्री विचारत होता. गणपतला तो टोमणा वाटला.

"आमची गाडी रिकामी कधी ऱ्हात न्हाई, मिस्त्रीसाब."

मलाही पटलं. लेकीचा भार घेणारं तगडंच हवं. जाड जोड बसवून घेतला आणि रात्री धर्मशाळेत टेकलो.

दुसऱ्या दिवशी पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेतलं. वाटेत हाडं खिळखिळी झाली, पण गणपत म्हणाला, नवं आहे, रुळेल. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठच्या सरूच्या गावी पोचलो तेव्हा सासरे दारातच उभे होते. त्यांनी भरलेली घागर आणवली.

"पोर तुमचीच हाय, इवाई. पण ही हौद्यात ठिवा आन् वेशीपतोर जाऊन या. पानी ऱ्हायलं तर खुशाल न्या."

मी घागर धरून बसलो. परत आलो तेव्हा ती अर्धी झाली होती आणि मी गळ्यापर्यंत भिजलो होतो. विहीणबाई पदराआड हसल्या. "आंघुळच करायची व्हती तर गंगा हितंच हाय की."

मला हसू आलं नाही. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी आम्ही पीत नाही. सोबतच्या तांब्यातला घोट घेतला. तेवढ्यात सरू ओट्यावरून बोलली.

"काका, पोती भरल्यावर गाडी कशी चालती?"

"भरल्यावर? पालखीवानी."

"मग मानसं भरा की."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, मग लॉरीकडे. पहिले तेच चढले. मागून विहीणबाई, मग शेजारचे लोक, येलदरीकडचा मुलूख कुणी पाहिलेला नव्हता म्हणून. घागर पुन्हा भरली. या वेळी सासऱ्यांनी स्वतः धरली. वेशीपर्यंत गेलो, आलो; त्यांच्या बाह्या कोरड्या.

"आता आमी वजन हावोत, इवाई," ते म्हणाले. "जेवायला घालावं लागंल."

सकाळी गादीवर मधोमध सरू आणि भोवती तिचं सासर, असे निघालो. बायका ओव्या म्हणत होत्या. पोखर्णीला सगळ्यांनी दर्शन घेतलं, परभणीला विहीणबाईंनी सुनेला बांगड्या भरल्या. मिस्त्रीनं भरलेली लॉरी पाहिली आणि गणपतला नुसता सलाम ठोकला.

घरी सरूच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो नुसता लेकीवरून नाही, उतरणाऱ्या प्रत्येकावरून. मंडळी हुरडा संपेपर्यंत राहिली. माझ्या हयातीत व्याही सुनेला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला आलेले मी पाहिले नव्हते.

गणपत आता म्हणतो, शॉकअप बदलून मऊ घेऊ. मी नको म्हणतो. मऊ घेतले असते तर सरू एकटीच आली असती.