एकशे सत्तावीसचा भागाकार

आप्पा, म्हणजे माझे वडील, नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेचे मास्तर होते. दुष्काळाच्या त्या वर्षी त्यांना एका आकड्यानं झपाटलं होतं: १२३४५६७. त्यांचं म्हणणं, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही. "एक ते सात वळीनं हुबे हायेत बघ, कुनाला दाद देत न्हाईत," असं कौतुकानं म्हणायचे. गावातले आड आटले होते, शाळेत निम्मी पोरं येत नव्हती, आणि आमच्या ओट्यावर भागाकार चालले होते. मला त्याचा भारी राग यायचा.

अकराशे अकरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं होतं. मी मॅट्रिक होऊन घरीच होते, म्हणून शंभर ते दोनशेमधल्या संख्या माझ्या गळ्यात पडल्या. एके दिवशी १२७नं भागत होते. भागाकारात ९७ हे पहिले दोन आकडे आले आणि टँकरचा हॉर्न वाजला. टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा, विहिरीत पाणी ओतून निघून जायचा. उशीर झाला की हंड्यात गाळ. मी पुढचं मनानंच ठोकून दिलं: भागाकार ९७१२, बाकी ५४. वर शहाणपणा असा, की नवाचा ताळा जुळवून ठेवला. आप्पा ताळ्यावरच तपासायचे: अंकांची बेरीज करायची, त्यातून नऊ काढत जायचं, दोन्हीकडे सारखं उरलं की बरोबर. माझ्या खोट्यातही दोन्हीकडे एकच उरत होता. त्यांनी खूण केली आणि पान उलटलं.

पुढे नगरला शिक्षकांची सभा भरली. तिथं हे मांडायचं म्हणून आप्पा ठेवणीतलं धोतर नेसून सकाळच्या एसटीनं गेले. चोराच्या मनात चांदणं! ते गेल्यावर मी वही काढली आणि तो भागाकार पुरा केला. ९७२१. बाकी शून्य. तीनदा केला, तीनदा शून्य. त्यांना निरोप पोचवायची काही सोय नव्हती.

संध्याकाळी आप्पा आले, तांब्याभर पाण्यात पाय धुतले.

"एकशे सत्तावीसनं भाग जातोय," म्हणाले. "एका तरन्या मास्तरनं फळ्यावर करून दावला. समदे हसले."

"आप्पा, तो भागाकार मी..."

"म्हाईत हाय. माजा हाय म्हनून सांगितलं म्या."

एवढंच. एक मुस्काटात दिली असती तर मी सुटले असते.

वही त्यांनी फडताळात ठेवली, ती पुन्हा काढली नाही. टँकर मात्र येत राहिला. पाणी भरून झालं की आप्पा ओट्यावरून विचारायचे, "किती हंडं झालं?"

"चार," मी सांगायची.

मग ते उठायचे, आत यायचे आणि एकेक झाकण उचलून स्वतः मोजायचे.