बंडी म्हणजे गाडी

आमच्या शेजारचे अण्णा जगातल्या माणसांचे दोनच भाग करत. एक बंडी, आणि दुसरे ते, जे बंडी असल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्या भागातल्या लोकांशीही ते चांगलं वागत, पण चुकून आपल्या मांडवात शिरलेल्या परक्या वऱ्हाड्याला जेवू घालावं, तेवढंच. भवानी पेठेत त्यांची आमची भिंत एक होती. घरामागं त्यांची मागांची शेड होती, तिथं चादरी विणल्या जात, आणि गठ्ठे साठले की ते विकायला अण्णा बाहेरगावी जात. पेठेत सगळे असंच समजत. खरी गोष्ट अशी की ते बंडी शोधायला जात, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून चादरी नेत.

अण्णांचं घराणं तेलंगणातून पोटामागं सोलापूरला आलेल्या विणकरांपैकी. तेलुगूत आडनावाला इंटिपेरू म्हणतात, म्हणजे घराचं नाव, आणि बंडी म्हणजे बैलगाडी. मराठीत बंडी म्हणजे शेतकऱ्यांच्या अंगातला बिनबाह्यांचा खिसेवाला कपडा, हे अण्णांच्या आयुष्यातलं पहिलं दुःख. रेशनच्या दुकानात एकदा नव्या माणसानं त्यांचं नाव वाचून, ‘बंडी का? मग सदरे कुठं राहतात?’ असं विचारलं. अण्णा रॉकेलचा डबा खाली ठेवून उभे राहिले. ‘बंडी म्हंजे कपडा न्हाई, गाडी. आमच्या पूर्वजाकडं गाडी हुती तवा तुमच्या पूर्वजाकडं पायात वहाण तरी हुती का, इचारून या घरी.’ मागची रांग ओरडायला लागली, तरी व्याख्यान पुरं झाल्याशिवाय त्यांनी डबा उचलला नाही. माझ्या आडनावाबद्दल त्यांना नुसती कीव होती. मी वेळापूरकर. ‘तुमची आडनावं म्हंजे एस.टी.ची पाटी,’ ते म्हणत. ‘वेळापूर. संपलं की! शोधायला राहिलं काय?’ मी जन्मात वेळापूर पाहिलेलं नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. उगीच त्यांनी मला नेलं असतं.

बंडीची मूळकथा मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतसुद्धा सांगेन. करीमनगरकडच्या एका खेड्यात साळ्यांच्या आळीत एकाच घरी बैलगाडी होती, म्हणून ते बंडी. दुष्काळ पडला. दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, आपापले माग सुटे करून गाडीत घालून बायकापोरांसह सोलापूरच्या वाटेला लागले. नळदुर्गच्या घाटात गाडीचा आस मोडला. रान सुनसान, पोरं उपाशी. तेव्हा धाकट्याच्या मागाचा, कापड गुंडाळायचा जाड लाकडी दांडा काढून तो आसाच्या जागी घातला, आणि गाडी सोलापूरला पोचली. दांडा वाटेतच पिचला होता. थोरल्याचा माग उभा राहिला, धाकट्याचा राहिला नाही. भांडण झालं, धाकटा बायकोपोरांना घेऊन चालत पश्चिमेकडं निघून गेला आणि परत कधी दिसला नाही. अण्णा थोरल्याचे पणतू. ‘दांडा धाकट्यानं आपणहून दिला हुता बरं का,’ हे वाक्य ते दर वेळी जरा जास्तच जोरात म्हणत.

तर हा धाकट्याचा वंश शोधणं, हे अण्णांचं आयुष्य. त्यांचं म्हणणं, जिथं माग तिथं बंडी. मुंबईत कामाठीपुऱ्यात, सुरतेत, मालेगावात, इचलकरंजीत त्यांनी बंडी हुडकून काढले. सुरतेत त्यांचे बंडीवाला झाले होते आणि पुण्यात बंडे. आपल्या माणसाचा परगावी हात मोडल्याचं कळावं तशा चेहऱ्यानं अण्णा हे सांगत. सगळे बंडी एका घरचे, एका गाडीतून उतरलेले, याबद्दल त्यांना शंका नव्हती. अक्कलकोट रोडला एक तेलाचे व्यापारी होते, कानडी लिंगायत, आडनाव बंडी. कानडीतही बंडी म्हणजे गाडीच. अण्णांनी भर दुकानात त्यांना मिठी मारली. तो गृहस्थ बिचारा तेलकट हात वर धरून म्हणाला, ‘अहो, आमच्या गळ्यात लिंग हाय, तुमच्या गळ्यात जानवं. भाऊ कसं होणार?’ अण्णा म्हणाले, ‘गळा बदलतो हो. आडनाव बदलत न्हाई.’ पुढं दर दिवाळीला त्या दुकानात एक चादर भेट जाऊ लागली आणि तिकडून तेलाचा डबा येऊ लागला. व्यापारी शेवटपर्यंत घाबरूनच असत.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांनी अण्णांच्या कानावर आलं की सात रस्त्याजवळच्या गॅरेजात भिवंडीचा एक नवा मेकॅनिक आलाय, नाव बंडी. अण्णा तसेच चपला घालून निघाले आणि संध्याकाळी त्या पोराला काळ्या हातांसकट घरी घेऊन आले. पोरगा देखणा, अबोल, बापाविना वाढलेला. आपलं मूळ कुठलं, त्याला ठाऊक नव्हतं. ‘अव्वाला इचाराय पायजे,’ म्हणाला. अव्वा म्हणजे त्याची आजी. घर नुकतंच मुंबईहून भिवंडीला आलेलं, त्यामुळं अण्णांच्या फेऱ्यांत निसटलं होतं. अण्णांना काय आनंद! खाणावळ बंद, रोज जेवायला इथंच. एकुलत्या एका लेकीला त्यांनी हाक मारली, ‘ताट वाढ. तुझा भाऊ हाय.’

तिनं ताट वाढलं. वर्षभर वाढलं. आणि एका सकाळी आईला सांगून टाकलं की लग्न करीन तर याच्याशी, नाहीतर करणार नाही. एका घराच्या नावाची मुलगा-मुलगी म्हणजे त्यांच्यात सख्खी भावंडं. असं लग्न करणाऱ्या घराशी कुणी सोयरिक करत नाही, मयताला खांदा द्यायला येत नाही. त्या सकाळी भिंतीपलीकडून अण्णांचा जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. ‘भाऊ हाय तुझा, भाऊ!’ लेकीचा आवाज मात्र अगदी शांत होता. ‘तुमीच म्हणला भाऊ. मी कवा म्हणले?’

पोरानं जेवायला येणं बंद केलं. पोरगी घरातली कामं करायची, पण बापाशी एक शब्द नाही. ती वाळत चालली होती. अण्णांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. गरीब बाई, नवऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. ती एक दिवस आमच्या दारात उभी राहून, अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, ‘यांच्या गाडीखाली माझी पोर आली.’ शेडमध्ये माग चालू होते, तरी ते अण्णांना ऐकू गेलं. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, ‘अण्णा, एकाच आडनावाची दोन घरं नसतात का? त्या म्हाताऱ्या आजीला जाऊन विचारा तरी, त्यांची मंडळी कुठली.’ आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बंडी म्हटलं की सुरतेपर्यंत धावणारा हा माणूस या एका म्हातारीकडं मात्र गेलेला नाही. ‘येगळी असली तर पोरगी सुटली,’ ते म्हणाले. ‘पन एकच असली तर? ज्याला जन्मभर शोधलं, त्यो सापडू नये म्हणून देवापुढं बसतोय मी, वेळापूरकर.’

शेवटी म्हातारीच आली. नातवानं तिच्यापुढं काय हट्ट धरला कोण जाणे, पण अव्वा आणि पोराचा काका भिवंडीहून आले. अट एकच: बंडी वेगळे ठरले तर साखर वाटायची, एक ठरले तर पोराला त्याच गाडीनं परत न्यायचं. अण्णांनी मला मुद्दाम बसवलं. ‘बाहेरचा मानूस असला की आमची मानसं ओरडत न्हाईत,’ म्हणाले. शेड बंद ठेवली होती. मागांचा खडखडाट थांबल्यावर त्या घरात इतकी शांतता असते हे मला तेव्हा कळलं. सगळं तेलुगूत चाललं होतं, पण इतक्या वर्षांच्या शेजारानं मला ती भाषा कळते. काका खटपट्या माणूस. त्यानं सुरुवातच केली, ‘आमचं पोरगं म्हणतं, तुमी त्याला पैल्या दिवसापासून घरचा म्हणता.’ मीच म्हणालो, ‘ते अक्कलकोट रोडच्या तेलवाल्यालासुद्धा भाऊ म्हणतात.’ काका हसला. अव्वा हसली नाही.

अव्वा वाळलेली, ताठ बसणारी, डोळ्यांनी अधू. तिनं हात गुडघ्यावर ठेवले आणि सांगायला लागली. ‘मी नवी नवरी हुते तवा आमचा आजेसासरा जित्ता हुता. त्यो सांगायचा. करीमनगरकडून आले. दोघं भाऊ. गाडी हुती. नळदुर्गला घाटात आस मोडला...’ मी अण्णांकडं बघायचं टाळलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली होती आणि तिनं लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं, कारण ही गोष्ट त्या दोघींनाही पाठ होती. अव्वा सांगत होती, ‘थोरल्यानं न इचारता आमच्या म्हाताऱ्याचा दांडा काडला. ह्यो झोपला हुता. उटला तवा गाडी चालत हुती आन् ह्याचा माग मोडला हुता.’ तिनं थांबून श्वास घेतला. मग काकानं विचारलं, ‘आता तुमी सांगा. तुमची बंडी कुटली?’

धाकट्याचा वंश समोर चटईवर बसला होता. अण्णांनी एकदा ‘व्हय’ म्हणायचं, की आयुष्याचं सार्थक. पोरगी दारात उभी होती. अण्णा जानव्याशी चाळा करत किती वेळ बसले सांगता येणार नाही. मला वाटलं, हा माणूस आता खरं बोलणार, त्याला दुसरं येतच नाही. आणि अण्णा म्हणाले, ‘आमी बंडी न्हाईच.’

‘म्हंजे?’

‘आमचं मूळ नाव बंडा. बंडा म्हंजे मोटा दगड. आमचे आजोबा गिरणीत लागले, तितल्या मराठी कारकुनानं बंडाचं बंडी केलं. चालत आले आमचे लोक. गाडी कुटली? आमच्याकडं कवाच गाडी नव्हती.’

ज्या माणसानं रॉकेलच्या रांगेत गाडीसाठी भांडण केलं, त्याच्या तोंडचं हे वाक्य. काका मोकळा झाला, ‘मग झालं की! साखर आणा,’ म्हणाला. आत अक्का रडत होती की हसत होती, कळेना. अव्वा मात्र अण्णांच्या चेहऱ्याकडं, जेवढं दिसत होतं तेवढ्या नजरेनं, बघत राहिली. ‘दगड?’ तिनं विचारलं. ‘व्हय अव्वा, दगड.’ मग ती म्हणाली, ‘तुमी सोलापूरचे. थोरल्याचे लोक हितंच कुटं तरी असतील. आमचा म्हातारा जाताना बोलला हुता, थोरल्याचं कुनी भेटलं तर सांगा, दांड्याचं मी इसरलो. पोरं उपाशी हुती, मीबी तेच केलं असतं. एवढा निरोप माझ्या गळ्यात अडकलाय बघा. शोधाल का त्यास्नी?’

अण्णांनी मान खाली घातली. ‘शोधतो अव्वा,’ म्हणाले. ‘घावले की सांगतो.’

लग्न थाटात झालं. सासरी जाताना आडनाव न बदललेली ती आमच्या पेठेतली एकच मुलगी, यावरून आम्ही तिला पुष्कळ चिडवलं. अण्णा मात्र त्यानंतर गावोगाव हिंडेनासे झाले, आणि कधी प्रवास केलाच तर शेजारी बसलेल्याला आडनावाऐवजी पाऊसपाणी विचारू लागले. माणूस भला झाला, असं पेठेत म्हणत. मला तो पहिला अण्णा बरा वाटायचा. लेक माहेरी आली की अव्वाचा निरोप आणायची, थोरल्याचे लोक सापडले का. अण्णा उत्तर पाठवत, शोधतोय.

तीन-चार वर्षांनी अव्वा गेली. तार आली तशी अण्णा एकटेच भिवंडीला गेले आणि दहावा उरकून परतले. दारात उतरले तेव्हा डोकं तुळतुळीत भादरलेलं. त्यांच्यात भाऊबंद गेला तर असं करतात, व्याही गेला तर नाही. बायामाणसं जमली, विचारू लागली. अण्णा म्हणाले, ‘नवस हुता. जाता जाता तिरुपतीला जाऊन आलो.’ भिवंडीच्या वाटेवर तिरुपती लागत नाही, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कानं आतून गरम पाण्याची बादली आणून न्हाणीत ठेवली, आणि अण्णा आंघोळीला गेले.